अ‍ॅपवर ८ नॉट, खाडीच्या तोंडाशी भलतंच! कोकणातल्या वाऱ्याचं गणित कोणी सांगेल का?

सडाफटिंग
मंडळी, दाभोळ-अंजनवेल-गुहागर पट्ट्यात आम्ही चार टाळकी अधूनमधून गळ टाकायला जातो. छोटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड, बस्स. निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर वारा बघतो. आता गंमत अशी की अ‍ॅपवर दिवसभर ८-९ नॉट (ताशी १५-१७ किमी) दाखवत असतं आणि प्रत्यक्षात सकाळी पान हलत नाही, दुपारी तीनला दाभोळ खाडीच्या तोंडाशी होडी धड उभी राहत नाही, आणि तिथून थोडं दक्षिणेला अंजनवेलच्या डोंगराआड गेलं की परत शांत. हे सगळं एकाच दिवशी. वेलदूरचा एक तांडेल (होडीचा म्होरक्या) आहे ओळखीचा, तो सकाळी फक्त चिपळूणच्या दिशेला बघतो आणि सांगतो आज दुपारी जोर आहे की नाही. बरोबर निघतं बहुतेक वेळा. मग ते सुपरकॉम्प्युटर कशाला पोसायचे? सिरियसली विचारतोय, ज्यांना कळतं त्यांनी सांगा.

शंकासुर
पुण्याहून गुहागरला जाऊन गळ टाकणार, पकडणार दोन शेंगट्या, आणि वर सुपरकॉम्प्युटरला नावं ठेवणार. चालू द्या.

वेलदूरकर
तांडेल चिपळूणकडे बघतो म्हणजे घाट बघतो. सकाळी सात-आठला सह्याद्रीची कडा स्वच्छ दिसतेय, ऊन कडक पडणार असं दिसलं की दुपारचा वारा जोरात येतो. घाटावर ढग बसलेले असतील, मळभ असेल तर जमीन तापत नाही आणि वारा पण मरगळतो. हे आमच्याकडे पोराटोरांना माहिती असतं. पण हे मार्च-एप्रिल-मे मधलं सांगतोय हां, आषाढात हे चालत नाही.

आणि खाडीच्या तोंडाचं म्हणाल तर तुम्ही वारा बघितलात, पाणी बघितलंत का? दुपारी सुकती (ओहोटी) असेल तर खाडीचं सगळं पाणी बाहेर निघालेलं असतं आणि वारा समोरून आत येत असतो. दोघांची टक्कर होते तिथे लाट आखूड आणि उभी होते. त्याच वाऱ्यात भरतीच्या वेळी जा, होडी निम्मी पण हलणार नाही.

समभार रेषा
वेलदूरकर +१, वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटेची लांबी कमी होते आणि उंची वाढते, ते अगदी बरोबर आहे. उरलेलं मी सांगायचा प्रयत्न करतो, हवामानशास्त्रात शिकतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅपवर जो आकडा दिसतो तो "दाभोळचा वारा" नसतोच. अ‍ॅपच्या मागे अंदाज काढणारं जे कॉम्प्युटर मॉडेल असतं ते सगळ्या पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकतं आणि एका चौकोनाला एक वारा देतं. आपल्या हवामान खात्याचं जीएफएस मॉडेल साधारण १२ किमीच्या चौकोनांचं आहे, युरोपियन हवामान सेंटरचं ९ किमीचं. २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टम आली ती ६ किमीची. बऱ्याच फुकट अ‍ॅपवर यापेक्षा जाडा डेटा असतो. आता दाभोळच्या खाडीचं तोंड कितीसं रुंद आहे? १२ किमीच्या चौकोनात अर्धा समुद्र, अर्धी जमीन, खाडी त्यात गायब, अंजनवेलचं टोक गायब. डोंगर पण सपाट केलेला असतो, सह्याद्रीची कडा हजार-बाराशे मीटरवरून भिंतीसारखी खाली येते ती मॉडेलला एक लांबलचक उतार दिसतो. तुम्ही बोट ठेवलंत तिथला आकडा म्हणजे आजूबाजूच्या चौकोनांवरून मारलेला मध्य.

दुसरी गोष्ट, तो वारा १० मीटर उंचीवरचा आणि सरासरीचा असतो, झोत वेगळे. ८-९ नॉटच्या वाऱ्यात १३-१४चे झोत आले तर त्यात काही विशेष नाही. अ‍ॅपवर गस्ट असा वेगळा पर्याय असतो तो बघत चला.

आता सकाळ, दुपार आणि डोंगराआड असे तुमचे "तीन वारे". सकाळी जमीन आणि समुद्र तापमानाने जवळजवळ सारखे होतात तेव्हा रात्रीचा जमिनीवरून येणारा मतलई वारा संपलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा सुरू झालेला नसतो, म्हणून पान हलत नाही. १०-११ नंतर जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो. कोकणात त्याला दोन गोष्टींची साथ मिळते. एक म्हणजे उन्हाळ्यात एकूणच वायव्येकडून वाहणारा वारा असतो तो त्यात मिसळतो. दुसरी म्हणजे सह्याद्री. किनाऱ्यापासून पन्नासेक किमीवर ते उतार तापतात, तिथली हवा उताराने वर चढायला लागते आणि खालून समुद्राची हवा ओढून घेते. म्हणजे तांडेल घाटाकडे बघतो तेव्हा तो त्या वाऱ्याचं इंजिनच बघत असतो.

आणि वाशिष्ठीचं खोरं हा या हवेला आत शिरायचा सोपा रस्ता. बाजूला सडे (कातळाची पठारं) आणि डोंगर, मध्ये सखल खाडी, त्यामुळे तोंडाशी हवा आवळली जाते आणि वेग वाढतो. टोकाला वळसा घालतानाही वेग वाढतो. टोकाच्या दक्षिणेला तुम्ही डोंगराच्या आडोशाला, म्हणून शांत. वारा एकच आहे, जागा तीन आहेत.

सडाफटिंग
वा! हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणजे मॉडेल चुकत नाहीये, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय.

शंकासुर
समभार रेषा, एवढं लिहिलंत पण एक गोष्ट सोडलीत. आडोसा म्हणजे सेफ नव्हे. डोंगराआड वारा उलटा फिरून, वरून खाली आदळतो कधीकधी. शिडाची होडी असेल तर तिथेच उलटते. मी बघितलंय.

समभार रेषा
हो, बरोबर. कड्याच्या अगदी पायथ्याशी भोवरे असतात, वारा कुठूनही येतो. कड्याला चिकटून नांगर टाकू नये.

ऑप्टिमिस्टवाली
मुंबईचं सांगते. लेक कुलाब्याला शिडाच्या होड्यांमध्ये असते, त्यामुळे आमचे रविवार जेट्टीवर उन्हात जातात. हिवाळ्यात तिथे सकाळी ईशान्येकडून वारा असतो, मेनलँडवरून येणारा, गार. मग मधे तासभर-दीड तास सगळं ठप्प, पोरं पाण्यावर बसून वेफर्स खातात, आणि मग वायव्येचा वारा "भरतो" तेव्हा शर्यत सुरू. कोच लोक शिट्टी मारायच्या आधी पश्चिमेकडे बघत बसतात.

पण मुंबईत वायव्येचा वारा बंदरात येतो तो शहरावरून येतो! कुलाब्याच्या उंच इमारतींच्या पुढे पाण्यावर वारा तुटतो, मधेच झोत, मधेच काही नाही. करंजाच्या बाजूला सरकलं की एकसारखा. म्हणजे टेरेन म्हणजे फक्त डोंगर असं नाही, बिल्डरनी पण टेरेन केलंय आमच्याकडे.

घाटावरची
बिल्डरनी केलेलं टेरेन 😂😂

एक बेसिक शंका. रात्रीचा मतलई वारा पण असाच खाडीतून जोरात येतो का? आम्ही डिसेंबरात आंजर्ल्याला राहिलो होतो, पहाटे खाडीच्या बाजूने इतका गार वारा की शाल घेऊन बसावं लागलं आणि गावातल्याच दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

वेलदूरकर
येतो तर. थंडीत घाटावरची गार हवा रात्री खाली उतरते आणि नदीच्या पात्राने खाली येते. जुन्या शिडाच्या काळात मचवे पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या वाऱ्यावर परत, डिझेलचा एक थेंब नाही. माझ्या आजोबांपर्यंत तसंच होतं. आता कोणाला पडलीये, इंजिन स्टार्ट केलं की झालं, पण अजूनही पहाटेच निघतात सगळे.

खाजणातला खेकडा
आमच्या मालवणात तुमच्यासारखी मोठी खाडी नाय, पण खडप (पाण्यातले खडक) आसा. तुमका सांगतंय, वारो पडलो म्हणून दर्यो शांत झालो असा समजू नकात. वारो नसताना पण मोठी लाट येता आणि खडपार फुटता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूक पाण्याखाली खडप कितकी आसत ती म्हायती नसलेल्यान होडी घालूच नये. ह्या अ‍ॅपात दिसता काय? नाय दिसना.

समभार रेषा
खेकडेबुवा फार महत्त्वाचा मुद्दा. ती लाट इथल्या वाऱ्याची नसतेच, लांबून आलेली असते, स्वेल. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला इराणच्या आखातात शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटतो, त्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी यावर पेपर लिहिलेत. १० सेकंदाची लाट खोल समुद्रात ताशी २८ किमीच्या आसपास पुढे सरकते, म्हणजे दीड-दोन हजार किमीला दोन-तीन दिवस लागतात. इथे वारा शून्य, आकाश निळं, आणि लाट हजर. एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरातून, पार विषुववृत्ताच्या खालून पण येतात, केरळात त्याचा जास्त त्रास, कल्लक्कडल म्हणतात तिकडे.

यासाठी वारा बघून उपयोग नाही, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज बघा. त्यात लाटेची उंची, दिशा, आणि पिरियड, म्हणजे दोन लाटांमधला वेळ, असतो. पिरियड मोठा म्हणजे लाट लांबची. त्यांचे तरंगते मापक आहेत किनाऱ्यावर, रत्नागिरीलाही आहे एक.

शंकासुर
म्हणजे तांडेलला घाट बघून ही लाट कळणार नाही. नोंद घ्यावी. "जुन्या लोकांना सगळं कळायचं"वाले कुठे गेले?

वेलदूरकर
शंकासुर, कोणी म्हटलं सगळं कळायचं? रोजचा वारा कळायचा. लाट पण कळते थोडी, पहाटे किनाऱ्यावरचा आवाज बदलतो, दोन लाटांमधलं अंतर वाढतं. पण वादळ नाही कळायचं. फयानला कोणाला कळलं? नोव्हेंबर २००९. ऐन हंगाम, होड्या सगळ्या बाहेर. समुद्रात असलेल्या माणसाला रेडिओ लागला तर लागला. आमच्या पट्ट्यातून सिंधुदुर्गपर्यंत किती घरातली माणसं परत आली नाहीत. त्यावर जोक नको.

शंकासुर
जोक नव्हता तो. पण मान्य.

थर्ड ऑफिसर
धागा छान चाललाय. मी मर्चंट नेव्हीत आहे, सध्या सुट्टीवर सातारला. भूगोलामुळे वारा कसा वागतो याचा माझा आवडता नमुना म्हणजे मेक्सिकोचं तेहुआंतेपेकचं आखात. मेक्सिकोत डोंगरांची रांग आहे आणि तिला मधेच एक खिंड. हिवाळ्यात उत्तरेची थंड हवा मेक्सिकोच्या आखातात साठते आणि त्या खिंडीतून पॅसिफिकच्या बाजूला सुटते. आकाशात ढग नाही, दाबमापकात फार हालचाल नाही, आणि ४०-५० नॉट. किनाऱ्यापासून शेकडो किमी आत समुद्रात जाणवतो. आमचे कॅप्टन लोक तिथे मुद्दाम किनाऱ्याला चिकटून जातात, कारण किनाऱ्याजवळ वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही. वारा तोच, पण समुद्र सपाट. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, वादळी वाऱ्यात जमिनीजवळ कशाला जायचं म्हणून.

आपल्याकडे अशी मोठी खिंड म्हणजे पालघाट. पश्चिम घाटाला तिथे ३०-४० किमीचं भगदाड आहे, त्यातून पावसाळी वारा तमिळनाडूत घुसतो, पवनचक्क्या उगाच नाहीत तिथे. महाराष्ट्रात सह्याद्री सलग आहे. कुंभार्ली, आंबा वगैरे घाट म्हणजे नुसत्या खाचा, त्यातून तेवढा वारा जात नाही.

घाटावरची
आमच्या साताऱ्याच्या पवनचक्क्या विसरलात का हो ऑफिसर? चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहून बघा जूनमध्ये.

थर्ड ऑफिसर
विसरेन कसा, आमचं गाव तिथून दिसतं! पण तिथे पठार उंच म्हणून वारा, खिंड आहे म्हणून नाही. वेगळं कारण.

ऑप्टिमिस्टवाली
पावसाळ्यात सह्याद्री वाऱ्याला अडवतो तर मग समुद्रातच वारा कमी व्हायला हवा ना? मग पावसाळ्यात एवढा खवळलेला का?

समभार रेषा
कारण पावसाळी वाऱ्याची ताकद इथली नाहीच, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तयार होते. केनिया-इथिओपियाच्या उंच पठारांची भिंत आहे पश्चिमेला. दक्षिण गोलार्धातून आलेली हवा त्या भिंतीला घासत उत्तरेला वळते, सोमालियाजवळ तिचा जमिनीपासून एक-दीड किमी उंचीवर जबरदस्त वेगवान झोत होतो आणि तो अरबी समुद्र ओलांडून आपल्यावर येतो. फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये तो नीट दाखवला म्हणून त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. म्हणजे आपल्या जुलैतल्या समुद्राच्या मागे आफ्रिकेचे डोंगर आहेत.

सह्याद्री अडवतो तो वेगळ्या प्रकारे. किनाऱ्याजवळ हवा मंदावते, तुंबते, वर चढते, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा बनतो, बातम्यांत ऐकता ना "महाराष्ट्र ते केरळ किनाऱ्यालगत", तोच. त्यात कधी छोटे भोवरे पण तयार होतात आणि मग एखाद्या जागी ओततं. पण प्रत्येक वेळी कुठे ओतेल ते सांगणं अवघड. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३.

शंकासुर
आता धागा पावसावर जाणार, मग २००५ला कोण कुठे अडकलं होतं ते येणार, मग संपला.

मधला माणूस
मी अंधेरीला बेस्टच्या टपावर होतो रात्रभर.

शंकासुर
🙏

आडेकर
बरेच दिवस वाचनमात्र होतो. दापोली तालुक्यातला आहे. वादळात पण भूगोल कसा फरक पाडतो ते निसर्ग वादळात बघितलं, ३ जून २०२०. आमच्या एका नातेवाईकांची पोफळीची वाडी खाडीच्या बाजूला उघड्यावर, ती आडवी झाली, एक झाड नाही राहिलं. डोंगराच्या मागच्या वाडीत कौलं उडाली पण झाडं बऱ्यापैकी टिकली. अंतर फार नाही. हवामान खात्याने वादळ अलिबागच्या आसपास येणार हे आधी सांगितलं होतं, श्रीवर्धनजवळ आलं, अंदाज चांगलाच होता. पण कुठल्या वाडीत किती हे कोण सांगणार.

आणि बोटींचं म्हणाल तर वादळाचा बावटा लागला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत येतात, हर्णै बंदर उघडं आहे, सुवर्णदुर्गाचा आडोसा पश्चिमेच्या मोठ्या लाटेला पुरत नाही. तिकडे देवगडला तर गुजरात-कर्नाटकच्या बोटी पण आश्रयाला येतात. म्हणजे कोणती खाडी कोणत्या वाऱ्याला बंद आहे हे सगळ्या किनाऱ्यावरच्या लोकांना पाठ आहे.

खाजणातला खेकडा
देवगडाक वादळात येवा, बंदरात बोटी इतक्यो की एकीवरसून दुसरीवर चलत जाऊ शकतास. आणि सगळ्या भाषांतल्यो शिव्यो आयकाक मिळतत.

वेलदूरकर
आडेकरांनी बावट्याचं काढलंत म्हणून माझी एक तक्रार. इशारा येतो "दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारपट्टी, ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५, मच्छीमारांनी जाऊ नये". हा पट्टा केवढा मोठा! दिवसभर बोट बंद ठेवली की डिझेल वाचतं पण खलाशांचा पगार, बर्फ सगळं अंगावर. बाहेर बघावं तर वारा तेवढा नाही. असं दोन-तीनदा झालं की चौथ्या वेळी पोरं ऐकत नाहीत. आणि नेमका तेव्हाच खरा येतो.

ऑप्टिमिस्टवाली
पण दादा, इशारा कमी देऊन माणसं गेली तर? मला तर जास्त दिलेलाच बरा वाटतो.

वेलदूरकर
ताई, तुमचं बरोबर आहे, पण तुमची लेक शर्यत रद्द झाली तर घरी येते. आमच्याकडे हप्ते असतात बँकेचे. मी इशारा देऊ नका म्हणत नाही, बारीक करा म्हणतोय. खाडीनिहाय, निदान तालुक्यानिहाय.

थर्ड ऑफिसर
यात एक आहे, तो इशारा किनाऱ्यापासून आत खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठी पण असतो. तुम्ही जेट्टीवरून बघता तेव्हा डोंगराच्या आडून बघता. ३० मैलांवर ट्रॉलरला वेगळा वारा लागत असतो. त्यामुळे "बाहेर बघावं तर वारा नाही" हा पुरावा होत नाही.

वेलदूरकर
तेही खरं. पण मग किनाऱ्यालगत जाणाऱ्या छोट्या होडीला आणि ट्रॉलरला एकच इशारा का?

समभार रेषा
बारीक करायला मॉडेल बारीक हवं हा एक भाग, त्यापेक्षा मोठी अडचण मोजमापाची आहे. समुद्रावरचा वारा उपग्रह मोजतो, आपल्या ओशनसॅटवर त्यासाठी स्कॅटरोमीटर आहे, पण तो पाण्याच्या पृष्ठभागावरून परत आलेले तरंग वाचतो आणि किनाऱ्याजवळ जमिनीचा सिग्नल त्यात मिसळतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचे वीस-पंचवीस किमी धड वाचता येत नाहीत. नेमकी तीच जागा जिथे छोट्या होड्या असतात! आणि जमिनीवरची केंद्रं बरीचशी गावात, झाडा-इमारतींमध्ये. खाडीच्या तोंडावर वारा मोजतं कोण? अंजनवेल, जयगड, विजयदुर्ग, देवगड, टोकाटोकांवर दीपगृहं आहेत. प्रत्येकावर एक वारामापक लावा आणि दर दहा मिनिटांनी आकडा सगळ्यांना दिसू द्या. माझं ठाम मत आहे की याने मॉडेल ६ किमीवरून ३ किमीवर नेण्यापेक्षा मच्छीमाराला जास्त फायदा होईल. लोक स्वतःच शिकतील, आज अ‍ॅप १० म्हणतंय तेव्हा टोकावर १६ असतो, असं दोन हंगामात पाठ होईल.

घाटावरची
हे पटलं. अर्ज वगैरे करायचा असेल तर सही करते.

सडाफटिंग
एवढं सगळं वाचून मी पुढच्या शनिवारचा प्लॅन असा करतोय: पहाटे मतलईवर निघायचं, अकराच्या आत खाडीच्या आत यायचं, सुकती दुपारी असेल तर तोंडाशी फिरकायचंच नाही, आणि अ‍ॅपवर वाऱ्यासोबत गस्ट आणि लाटेचा पिरियड बघायचा. काही राहिलं का?

थर्ड ऑफिसर
लाइफ जॅकेट अंगात, होडीच्या तळाशी नव्हे. कोस्ट गार्डचा १५५४ फोनमध्ये सेव्ह. आणि मोबाइलची रेंज डोंगराआड जाते, त्यामुळे किनाऱ्यावर एकाला परतायची वेळ सांगून ठेवा.

वेलदूरकर
शनिवारी उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे का भांग (लहान) ते बघा आधी. उधाणाची सुकती असेल तर तोंडाशी सकाळी पण ओढ असते. निघायच्या आदल्या दिवशी मला इथेच मेसेज टाका, मी वेळ सांगतो.

शंकासुर
आणि मासे मिळाले तर फोटो. नाही मिळाले तर बाजारातल्या सुरमईचा फोटो टाकू नका, ओळखू येतो.

खाजणातला खेकडा
दीपगृहाचा मी विचारतंय आमच्याकडच्या माणसाक, तेंच्याकडे वारो मोजूचा यंत्र आसा असा ऐकलेला. असला तर आकडो खंय जाता ता बघूया.